आबांना सोडून केलेलं गणित

माणसं किती, असं विचारलं की आधी ती कोणाकोणाची, हे विचारणाऱ्या माणसाला गणित शिकवायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये. माझ्यावर ती अठराव्या वर्षी आली, आणि शिकणारा माणूस माझा सख्खा मामा होता.

मामा भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडे असलेल्या आमच्या आजोळच्या गावात शाळामास्तर होते. शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाची पडवी आणि एक फळा. तेव्हा आमच्याकडे निजामाचा अंमल होता. मामांना तिथं शिकवायला लागून अकरा वर्षं झाली होती, पण नेमणूक आरजी, म्हणजे तात्पुरती. मुस्तकिल, म्हणजे कायम व्हायचं तर औरंगाबादला जाऊन मास्तरांची परीक्षा द्यावी लागे. मामा दोनदा बसले आणि दोनदा आपटले. उर्दूच्या पेपरात त्यांचा हात कुणी धरला नसता. घोडं अडायचं ते हिशेबाच्या पेपरात.

त्या पेपरात पाच सवाल असत आणि तीन बरोबर यावे लागत. त्रैराशिक आणि जमिनीचं क्षेत्रफळ हे दोन मामांचे हुकमी. हौदाला दोन नळ, एक भरतो आणि एक रिकामा करतो, हा सवाल त्यांच्या कधी पचनी पडला नाही. जो नळ हौद रिकामा करतो तो आधी बंद करा, एवढंच त्यांचं उत्तर. अपूर्णांकांच्या ते वाटेला जात नसत. राहिला एकच. इतके जण हे करतात, इतके जण ते करतात, तर दोन्ही करणारे किती? हा सवाल पेपरात दरसाल येई आणि मामा दोन्ही खेपेला त्यातच बुडाले होते. तिसऱ्यांदा नापास झालात तर या जागेवर पास झालेला माणूस येईल, असं तालुक्याच्या साहेबांनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

मी जालन्यात राहत होतो आणि नुकताच मॅट्रिक झालो होतो. गणितात मला चांगले गुण होते आणि ते मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. आईनं एक दिवस माझ्या हातात शिदोरी दिली.

"मामाकडं जाय," ती म्हणाली. "तीन हप्ते हायेत परीक्षेला. तो एक सवाल त्याच्या डोक्यात घालून ये."

"एका सवालाला तीन हप्ते? दोन दिवस बस्स होतात," मी म्हणालो. आईनं शिदोरीत आणखी चार भाकरी घातल्या. ती मामांची थोरली बहीण होती आणि त्यांना जन्मापासून ओळखत होती.

बैलगाडीनं निघालो, राजूरला मुक्काम केला, गणपतीचं दर्शन घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आजोळी पोचलो. मामा अंगणातच उभे होते. आमच्याकडे भाचा शंभर ब्राह्मणांच्या बरोबरीचा मानतात. मामा वयानं कितीही मोठा असला तरी तोच भाच्याच्या पाया पडतो. लहानपणी मला त्याची लाज वाटायची आणि मी पाय मागं घ्यायचो. त्या दिवशी घेतले नाहीत. आपण गुरू म्हणून आलोय, असं काहीतरी डोक्यात होतं.

या रिवाजाला दुसरी बाजूही आहे. भाच्यावर हात उगारला तर मामाचा हात थरथरतो म्हणतात, म्हणून मामा भाच्याला मारत नाही. त्याचा शब्दही सहसा मोडत नाही. मी काय सांगितलं तरी मामा "बराबर हाय" म्हणणार, हे मला माहीत होतं. शिकवणाऱ्याला यापेक्षा सोपा विद्यार्थी मिळत नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं.

दुपारची जेवणं झाल्यावर आम्ही शाळेच्या पडवीत बसलो. पोरांना सुट्टी होती. मी फळ्यावर लिहिलं: एका शाळेत तीस मुलं. अठरा कुस्ती खेळतात, वीस लेझीम खेळतात. प्रत्येक मुलगा काही ना काही खेळतोच. तर दोन्ही खेळणारे किती?

मामांनी सवाल दोनदा वाचला. "कोणती शाळा?"

"कोणती का असंना."

"असं कसं? तीस पोरं म्हणतो तू. आपल्या इथं सव्वीस हायेत. लेझीम तर आपल्याकडं न्हाईच."

"मामा, ही शाळा कागदावरची हाय."

"बराबर," मामा म्हणाले, आणि डोळे मिटून बसले. मला वाटलं हिशोब करताहेत. थोड्या वेळानं त्यांचे ओठ हलायला लागले. ते हजेरी घेत होते. पडवीतल्या सव्वीस पोरांची नावं, बापाच्या नावासकट. सव्वीस झाल्यावर थांबले आणि म्हणाले, "चार कमी पडून राह्यले. शेजारच्या गावचे घेऊ का?"

मी कपाळावर हात मारून घेतला. पण मामांचं सगळं असंच होतं. अकरा वर्षांत त्यांनी पोरं कधी आकड्यानं मोजलीच नव्हती. आज किती आले, असं कुणी विचारलं तर ते सांगत, "गुरवाचा धाकटा न्हाई आला, बाकी सगळे हायेत." आकडा हवा असेल तर तो तुमचा तुम्ही काढायचा.

पहिला आठवडा या कागदावरच्या शाळेत गेला. दुसऱ्या आठवड्यात मी शाळा बदलली, खेळ बदलले, पोरांची आंब्याची झाडं केली. झाडांवर मामा विचारायचे, गोटी आंबा की शेपू आंबा? पालथ्या घड्यावर पाणी घालतानाही घडा निदान गप्प असतो. दोन दिवसांचं काम म्हणून आलेल्या माझ्या नाकी नऊ आले. रोज संध्याकाळी मी ठरवायचो की उद्या गाडी जुंपायला सांगून जालन्याला जायचं. मग मामी ताटात तूप वाढायची आणि मी राहायचो.

अशात अंगारकी आली. चतुर्थी मंगळवारी पडली की राजूरला माणसांचा पूर लोटतो, आणि जो जात नाही तो घरी उपास धरतो. आमच्या आजोळी मंगळवार रेणुकामातेचाही. म्हणजे काही जण मंगळवारचा उपास धरणारे, काही जण चतुर्थीचा, आणि काही जण दोन्ही. मला एकदम सुचलं. मामांना कागदावरची माणसं नको आहेत ना, घरातलीच देऊ.

"मामा, मंगळवार धरणारे पाच. चतुर्थी धरणारे सहा. तर दोन्ही धरणारे किती?"

"म्हंजे उपास किती झाले? अकरा," मामा म्हणाले.

"उपास नका मोजू. माणसं मोजा. दोन्ही धरणारा माणूस दोनदा मोजला गेलाय, तो एकदा काढायचा."

मामांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "दोन उपासाचं पुण्य दोन. मंग माणूस एकदाच कसा मोजायचा? त्याच्यावर अन्याव हाय."

आम्ही घराच्या ओसरीवर बसलो होतो आणि आत मामी भगर निवडत होती. तिथूनच ती म्हणाली, "ताटं मोजा जी. पुण्य देव मोजतो. दोन उपासवाल्याला मी काय दोन ताटं वाढीत न्हाई."

मामा हसले. खरं सांगतो, दीड आठवडा मी घसा कोरडा करून जे सांगत होतो ते त्यांना त्या एका वाक्यात कळलं. त्यांनी स्वतः खडू घेतला, पाटीवर पाच आणि सहा मिळवून अकरा लिहिले आणि म्हणाले, "अकरातून ताटं वजा. जेवढी उरली तेवढे दोनदा मोजलेले. हे बराबर हाय का?"

माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "बिलकुल बराबर. आता करा. घरात माणसं किती?"

"तुला धरून नऊ."

"अकरातून नऊ गेले?"

"दोन."

"म्हणजे दोन्ही उपास धरणारे दोन. झालं."

मामांनी खडू खाली ठेवला आणि बोटं मोजली. "मी. तुझी मामी. आई. तीन झाले."

त्यांनी पुन्हा मोजले. मीही मोजले. तीनच. मामा, मामी आणि आजी दोन्ही उपास धरायचे. नुसता मंगळवार धाकट्या मामीचा आणि मोठ्या मामेबहिणीचा, नुसती चतुर्थी धाकट्या मामांची, धाकट्या मामेबहिणीची आणि माझी. अंगणात बाजेवर आमचे आबा, म्हणजे मामांचे वडील, कांदा फोडून भाकरी खात होते. आबांनी जन्मात कधी उपास धरला नव्हता. पोटाला पंचांग कळत नाही, असं ते म्हणायचे.

"मंग आबांचं काय?" मामांनी विचारलं. "ते यातबी न्हाई अन् त्यातबी न्हाई. पण हायेत तर घरातच ना? ज्यांना कोणताच उपास न्हाई त्यांचं कसं करायचं?"

हा सवाल अगदी सरळ होता, आणि त्याचं उत्तर मला त्या क्षणी येत नव्हतं. आज लिहायला सोपं जातं. तेव्हा तसं वाटलं नव्हतं. तेव्हा एवढंच वाटलं की दीड आठवड्यानंतर गाडी एकदाची रस्त्याला लागली आणि हा माणूस तिच्यासमोर आबांची बाज आणून आडवी टाकतोय. माझ्या पुस्तकातल्या सवालांत असे आबा कधी आलेच नव्हते. तिथं प्रत्येक जण काही ना काही करायचाच. मीही ती रीत पाठच केली होती, समजून घेतली नव्हती, हे मला माहीत नव्हतं. माझं डोकं फिरलं.

"आबांना सोडा," मी ओरडलो. "गणितात असा माणूस नसतो मामा. कोणतंच काही न करणाऱ्याला सवालात घेतच नाहीत. परीक्षेत जो एकूण आकडा लिहिलेला असेल तोच वजा करायचा, दुसरीकडं बघायचंच न्हाई. तुम्ही दरवेळेस माणसं हुडकत बसता अन् म्हणून नापास होता."

मामीच्या हातातली भगर थांबली. भाचा झाला तरी मामाला असं बोलत नाहीत. आबांनी चावणं थांबवून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कांद्याकडे वळले. मामा खाली बघत होते.

"बराबर हाय," ते म्हणाले. "तू शिकलेला. एकूण लिहिलंय तेच वजा करायचं."

त्यानंतर मामांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. राहिलेले दिवस माझे सुखात गेले. मी सवाल घालायचो, ते दोन्ही आकडे मिळवायचे, एकूण वजा करायचे आणि उत्तर बरोबर यायचं. यायचंच, कारण सवाल मीच घालत होतो आणि त्यात आबा कुठंच नसायचे. मामा सकाळी गोठ्यात शेण काढतानाही पुटपुटत असायचे, दोन्ही मिळवा, एकूण वजा करा. कोणती शाळा, कोणाची पोरं, कोणते आंबे, सगळं बंद झालं. मी स्वतःवर इतका खूश होतो की जालन्याला परतल्यावर आईला म्हणालो, "या खेपेला मामा मुस्तकिल झाले असं समज."

परीक्षेला मामा आमच्या घरावरूनच गेले. जालन्याहून आगगाडीनं औरंगाबाद, आणि दोन दिवसांनी तशीच परत. संध्याकाळी दारात आले तेच हसत. आईनं चहा टाकला. मामा पाटावर बसले आणि म्हणाले, "ताई, त्रैराशिक बराबर. जमीन बराबर. अन् तो सवाल आल्ता."

"जमला?" आई म्हणाली.

"भाच्यानं सांगितलं तस्साच केला."

मी पेपर मागितला. पेपर बाहेर आणू दिला नव्हता, पण मामांना सवाल तोंडपाठ होता. एका गावात साठ घरं. चाळीस घरांत बैल, पस्तीस घरांत म्हैस. पाच घरांत बैलही नाही आणि म्हैसही नाही. तर दोन्ही असलेली घरं किती?

"पंधरा," मामा म्हणाले. "चाळीस अन् पस्तीस, पंच्याहत्तर. त्यातून साठ गेले. बराबर हाय ना?"

मी काही बोलायच्या आत त्यांनीच पुढं सांगितलं. बशीत फुंकर घालत, मजेत सांगितलं.

"खरं सांगू का? आधी मी चुकल्तो. आपल्या गावातबी साठच्या आसपासच घरं हायेत. मी आपला सवयीनं घरं मोजाया लागलो. ती पाच घरं आली अन् मला आबा आठवले. म्हणलं हे पाच आबा बाजूला बसवावं, पंचावन्न राह्यले, पंच्याहत्तरातून पंचावन्न गेले, वीस. वीस लिहूनबी टाकलं. मंग तुझं बोलणं ध्यानात आलं. गणितात असा माणूस नसतो, एकूण लिहिलंय तेच वजा करायचं. वीस खोडलं अन् पंधरा लिहिलं. तू न्हाई सांगितलं असतं तर या खेपेलाबी बुडलो असतो."

आई माझ्याकडे बघत होती. तिला अक्षरओळख होती, गणित नव्हतं, पण माझं तोंड तिला वाचता येत होतं. ती उठली आणि उगाच चुलीपाशी गेली.

मला राग आला. कुणाचा, ते नीट सांगता येत नाही. पेपर काढणाऱ्या साहेबांचा आला. ज्यांनी भाच्याचं ऐकून हातातलं उत्तर खोडलं त्या मामांचा आला. असला कसला रिवाज, की मोठ्या माणसाला आपल्या डोळ्यांनी दिसलेलं खरं वाटू नये आणि काल मिसरूड फुटलेल्या पोराचं वाटावं? आणि मग सगळा राग फिरून जिथला होता तिथंच आला. मी म्हणालो, "असंल बराबर. निकालात कळंल." मामा दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीत बसून गावी गेले.

निकाल उन्हाळ्यात लागला. दोन सवाल बरोबर, तीन चूक. एका सवालानं गेले. पावसाळ्याच्या तोंडाला तालुक्याहून नवा मास्तर त्या शाळेवर आला, परीक्षा पास झालेला, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. मामांची अकरा वर्षं एका कागदावर आटोपली आणि ते धाकट्या मामांबरोबर शेतात जायला लागले.

मला आजोळी जायचं धाडस होत नव्हतं. आईनं दिवाळीनंतर ढकलून पाठवलं. गाडी गावात शिरली तेव्हा शाळा भरलेली होती. मारुतीच्या पडवीत नवा मास्तर हजेरीचं बुक घेऊन बसला होता आणि त्याच्याशेजारी, शेतातून तसेच आलेले, पायाला चिखल लागलेले मामा उभे होते. मास्तरला कोणतं पोरगं कोणाचं ते कळत नव्हतं. मामा एकेकाकडे बोट करून सांगत होते. "हा गुरवाचा धाकटा. हा आज उशिरा आला, त्याची गाय व्याली. अन् तो तिकडं बसलाय ना, त्याचं नाव बुकात न्हाई. पाटीबी न्हाई त्याच्याकडं. पण येतो रोज. त्याला धरा."

मास्तरनं विचारलं, "नाव नाही तर धरू कुठं?"

"बाजूला लिहा," मामा म्हणाले. "सोडू नका."

मला पाहिल्यावर ते पडवी उतरून आले. तोंडावर आनंद होता, त्यात खोट नव्हती. मास्तरला ऐकू जाईल असं म्हणाले, "हा माझा भाचा. लई जीव टाकला यानं माझ्यासाठी, तीन हप्ते. माझंच डोकं चालत न्हाई, त्याला तो काय करील?" आणि नेहमीसारखे वाकले.

मामा, वीस बरोबर होतं. चारच शब्द होते. जालन्यापासून सगळी वाट मी ते तोंडात घोळवत आलो होतो. म्हणालो असतो तर मामांना कळलं असतं की त्यांचं डोकं चालतं, आणि हेही कळलं असतं की ते कुणी बंद पाडलं. मी भित्रा निघालो. पडवीतली सगळी पोरं बघत होती. माझ्या पायांवर मामांचे हात होते, शेतातल्या मातीचे. मी पाय मागं घेतले नाहीत. घेतले असते तर का घेतले, ते सांगावं लागलं असतं.